करडा सील, नर, प्रौढ, राहणार काचीगुडा

यंदाच्या मे महिन्यात माझे वडील नागोराव सोनकांबळे, वय सत्तावन्न, राहणार काचीगुडा, यांची बाल्टिक समुद्रातला आजारी सील म्हणून रीतसर नोंद झाली.

असं काहीही झालेलं नाही. बाबा कधी समुद्राला गेलेले नाहीत. हुसेनसागरच्या बोटीतसुद्धा ते मधोमध बसतात आणि उतरेपर्यंत कुणाशी बोलत नाहीत. तेव्हा वरचं वाक्य सोडून द्या. आपण एप्रिलपासून सुरुवात करू, तेव्हा ते अजून माणूस होते.

मी बरकतपुऱ्यात एका ऑफिसात सील मोजतो. हे वाक्य पाहुण्यांपुढे बोलायला आईने बंदी घातलीय. ती सगळ्यांना "कंप्युटरमधी आहे" एवढंच सांगते, जणू मी आतच राहतो. आमच्या खालच्या मजल्यावरचे किराणावाले हिम्मतराव यांची समजूत अशी की मी महानगरपालिकेतर्फे दुकानांना सील ठोकतो. त्यामुळे ते मला गेली दोन वर्षं फुकट शेंगदाणे देतात. मी गैरसमज दूर केलेला नाही.

खरं काम असं. उत्तर युरोपात थंड समुद्राच्या खडकांवर सील झोपलेले असतात. तिकडची माणसं ड्रोन उडवून वरून त्यांचे फोटो काढतात आणि आमच्याकडे पाठवतात. आम्ही प्रत्येक सीलभोवती माऊसने रेघ मारायची. रेघ पूर्ण झाली की यंत्र खडक, पाणी, मिशा सगळं काढून टाकतं आणि एक काळी सावली उरते. मग लांबीच्या शंभरात रुंदी किती, तो आकडा निघतो. आकडा मोठा म्हणजे अंगावर चरबी भरपूर, प्राणी ठणठणीत, समुद्रात मासळी आहे. आकडा उतरत गेला की काहीतरी बिघडलंय. आमच्या स्क्रीनवर अठ्ठावीसच्या खाली लाल पट्टी लागते.

हे सगळं मला राणीने शिकवलं. राणी शेजारच्या टेबलावर बसते, विद्यानगरहून स्कूटीवर येते आणि पॉरपॉइज बघते. पॉरपॉइज म्हणजे डॉल्फिनचा बुटका, बिनचोचीचा चुलतभाऊ. मी पहिल्या दिवशी एका गलेलठ्ठ सीलला बघून हसलो, तर ती म्हणाली, "हसू नको. चरबी म्हणजे माज वाटला का तुला?"

"मग काय?"

"गोधडी बी तीच, डबा बी तोच. उपाशी राहायची पाळी आली की त्यानला गोधडीच खावी लागते. मग थंडीनं कुडकुडतेत. कुडकुडले की आणखीन खावी लागते. असं चालू राहते."

"कुठपर्यंत?"

"तू रेघ मार."

जेवणाच्या सुट्टीत तिने आणखी दोन गोष्टी सांगितल्या. मी विचारल्या नव्हत्या. पहिली ही की जाडा प्राणी मेला तर तरंगतो, किनाऱ्याला लागतो, मोजला जातो. रोडका बहुतेक बुडतो. "म्हणून आपल्याला जे रोडके दिसतेत ना, ते काहीच नाहीत. खरे रोडके दिसतच नाहीत." दुसरी ही की पॉरपॉइज वाळत चालला की डोक्याच्या मागे, मानेवर, खळगा पडतो. "तिथं खळगा दिसला की आकडा बघायचं काम नाही. गडी संपत आला."

एवढं बोलून तिने डब्यातला दहीभात संपवला. मला त्या दिवशी भूक नव्हती.

आता एक शब्द समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं वाया जाईल. आमचं मूळ गाव नांदेडकडचं. आमच्याकडे तब्येत म्हणजे अंगावरचं मांस. "लग्न झाल्यावर पोराची तब्येत झाली," म्हणजे पोरगा सुटला. "तब्येत उतरली," म्हणजे वाळला. आजार, ताप, खोकला हे वेगळे, ते येतात-जातात. तब्येत मात्र कमवावी लागते. आणि बाबांनी ती कमावली होती. स्टेशनवर पार्सलच्या कचेरीत एकतीस वर्षं बसून त्यांनी असं पोट केलं होतं की त्यावर पेला ठेवून ते टीव्ही बघत. ते पोट घरातली वस्तू होती. माझं लहानपण त्याला टेकून गेलं.

तर एप्रिलच्या पहिल्या रविवारी बाबा चपलेचा अंगठा शिवायला खाली वाकले आणि मला त्यांच्या मानेवर, केसांच्या खाली, खळगा दिसला.

चहाचा थेंब थांबेल एवढा. मी बघतच राहिलो.

"काय बघायलास?" बाबा न वळता म्हणाले.

"काही नाही. मान."

"मग? आधी नव्हती काय?"

तसं पाहिलं तर सगळं दिसतच होतं. घड्याळ मनगटावरून कोपराकडे घसरत होतं. पेला आता पोटावर उभा राहत नव्हता. बाबा तो हातात धरत आणि आम्ही सगळे काहीच न घडल्यासारखे टीव्ही बघत असू. शिवाय गल्लीभर कौतुक चाललं होतं. हिम्मतराव दुकानातूनच ओरडत, "नागोराव, क्या मेन्टेन करे यार! वॉकिंग कू जा रहे क्या?" बाबा छाती काढून म्हणत, "बस, जरा कंट्रोल." ते वॉकिंगला जात नव्हते. घर ते स्टेशन, स्टेशन ते घर. कंट्रोलही काही नव्हता. फक्त पोळी ताटात राहायला लागली होती.

माणसाला बघून भीती वाटते तेव्हा लोक देवाचं नाव घेतात, डॉक्टरला फोन करतात. मला एकच कला येते. त्या दुपारी बाबा कूलरसमोर चटईवर पालथे झोपले, हात छातीखाली, लुंगी पायांभोवती घट्ट गुंडाळलेली. मी स्टूल आणलं, स्टुलावर पाट ठेवला, पाटावर चढलो आणि छताजवळून त्यांचा फोटो काढला. माप कळावं म्हणून शेजारी फूटपट्टी ठेवली होती.

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिने नवऱ्याकडे पाहिलं, फूटपट्टीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"पंखा पुसायलास काय?"

"हौ."

"मग पुस की," असं म्हणून तिने फडकं वर दिलं. मी पंखा पुसला.

सोमवारी ऑफिसात फोटो यंत्रात घातला. यंत्र पुढे सरकण्याआधी जात विचारतं. म्हणजे प्राण्याची. चारच पर्याय आहेत: करडा सील, साधा सील, कडीवाला सील, पॉरपॉइज. माणूस नाही. बाबांचे केस करडे आहेत. मी करडा सील निवडला. महिना मला निवडता आलाच नाही. आमच्याकडचा तो सगळा गठ्ठा गेल्या ऑक्टोबरातल्या फोटोंचा होता, तिथे ऑक्टोबर छापूनच आलेला. मी रेघ मारली. चटई गेली, फूटपट्टी गेली, कूलर गेला. एक काळी सावली उरली, खाली निमुळती होत गेलेली. शेपूट म्हणजे बाबांचे पाय.

एकतीस.

ठीक. एकतीस म्हणजे ठीक. मी नोंद रद्द केली आणि दिवसभर सुखाने परक्यांचे वडील मोजले.

पुढच्या रविवारी पुन्हा पाट. तीस पूर्णांक चार. पुढच्या रविवारी एकोणतीस पूर्णांक सात. आमच्या घरातला पंखा काचीगुड्यात सगळ्यांत स्वच्छ झाला. मला रात्रंदिवस एकच वाटायचं, आकडा खाली जातोय आणि मी फक्त बघतोय, आणि मला बघण्याचाच पगार मिळतो.

तिसऱ्या आकड्यानंतर मी आईला सांगितलं की बाबांना डॉक्टरकडे नेऊ. आईने तर केव्हाच ओळखलं होतं, तिने नांदेडच्या इंदुताईला, म्हणजे माझ्या आत्याला, फोन करून सांगितलंही होतं, "ताई, ह्यांची तब्येत पार उतरली." बाबा मात्र ऐकेनात. शेवटी आईने बीपीची गोळी संपल्याचं निमित्त केलं आणि गल्लीतल्या डॉक्टरकडे नेलं. मी ऑफिसातून परस्पर आलो आणि गाडी लावायला जागा शोधत होतो. त्या दहा मिनिटांत जे झालं ते आईनेच मला नंतर अभिमानाने ऐकवलं, कारण ती हिंदीत बोलली होती.

आई म्हणाली, "साब, पैले इनकू भोत तबियत थी. चार महिने में सब गई."

डॉक्टर फोनवर कुणाशीतरी बोलता बोलता म्हणाले, "अब तो नहीं है ना, अम्मा?"

"नहीं ना साब! कुछ बी नहीं रही!"

"अच्छी बात है."

आणि त्यांनी कागदावर इंग्रजीत लिहिलं की पेशंट पूर्वी आजारी होता, आता कोणतीही तक्रार नाही. खाली ताकदीच्या गोळ्या.

मी जिन्यात कागद वाचला. आईची तबियत डॉक्टरांनी दुखणं म्हणून धरली होती. मी परत आत जायला निघालो, तर बाबांनी कागद माझ्या हातातून काढून घेतला, चार घड्या केल्या आणि खिशात घातला. त्या दिवसापासून तो कागद त्यांच्याकडे पासासारखा असायचा. मी तोंड उघडलं की कागद बाहेर. "डॉक्टरनं लिहून दिलंय. तक्रार नाही. तू डॉक्टर आहेस काय?"

बुद्धपौर्णिमेला आईने खीर केली. खीर हा बाबांचा प्रांत. दरवर्षी तीन वाट्या, चौथी "उगीच वाया जाईल म्हणून". यंदा त्यांनी दोन चमचे खाल्ले आणि वाटी हातात धरून बसले. बराच वेळ. मग मी पाणी आणायला उठलो, तर मागून भांड्याचा बारीक आवाज आला. वळून पाहिलं नाही. पण स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या डब्यात त्यांचं तोंड दिसत होतं. ते वाटीतली खीर चोरासारखी परत पातेल्यात ओतत होते.

चौथा आकडा एकोणतीस होता. पाचवा: अठ्ठावीस पूर्णांक तीन.

अकरा मे, सोमवार. मी नेहमीप्रमाणे आदल्या दिवशीचा फोटो घातला, रेघ मारली, आणि स्क्रीन लाल झाली. सत्तावीस पूर्णांक सहा. मी रद्द दाबलं. रद्द होईना. पुन्हा दाबलं. मग एक चौकट आली: लाल पट्टीतला प्राणी काढून टाकता येत नाही.

चिन्मय आमचा टीम लीडर. मी त्याला बोलावलं. तो शांतपणे म्हणाला, "बरोबरे. लोक वाईट आकडे गुपचूप उडवायचे, म्हणून तो नियम केला. लाल लागला की नोंद तिकडच्या तपासनीस बाईंकडे आपोआप जाते."

"परत कशी आणायची?"

"नाही येत. फार तर महिना चुकलाय म्हणून दुरुस्तीचा अर्ज करता येतो. मी सहा वर्षांत सतरा अर्ज पाठवले."

"किती मंजूर झाले?"

चिन्मय चहा आणायला गेला.

राणी खुर्ची सरकवत माझ्या टेबलापाशी आली. सावलीकडे बघून म्हणाली, "हा कुठला रे? लई रोड. शेपूट बी फाटकी दिसायली."

"ती लुंगी आहे."

ती हसायला लागली. मग तिने माझं तोंड पाहिलं आणि हसू तिथेच ठेवलं. मी तिला सहाही आकडे दाखवले, कागदावर तारखांसकट. तिने ते दोनदा वाचले. "मे महिना आहे ना आता," ती हळूच म्हणाली. "मे-जूनमधी करडे सील केस बदलतेत. खडकावर पडून राहतेत, खात नाहीत, वाळतेत. त्या महिन्यातले वाळलेले आपण धरतच नाही. ते आजारी नसतेत. नंतर खातेत पुन्हा."

"राणी, ते सील नाहीत."

"हौ रे. मला माहीत आहे." तिने कागदाची घडी करून मला परत दिली. "माहीत आहे. तरी सांगितलं."

गुरुवारी तपासनीस बाईंचं उत्तर आलं. सभ्य, थोडक्यात. ऑक्टोबरात करड्या सीलच्या अंगावर वर्षातली सगळ्यांत जास्त चरबी असायला हवी. सदर प्रौढ नर अत्यंत रोड आहे. स्थिती: वाईट. हिवाळा काढण्याची शक्यता कमी. शव सापडल्यास कृपया कळवावे, नमुने उपयोगी पडतील.

मी ते पत्र तीन वेळा वाचलं. समुद्राच्या पलीकडून एका बाईने, माझ्या बाबांना कधीही न बघता, नुसत्या सावलीवरून जे लिहिलं होतं ते आमच्या गल्लीत कुणालाच दिसलं नव्हतं. आणि तिला नमुने हवे होते. मी चिन्मयला पोट दुखतंय सांगितलं आणि दुपारीच घरी निघालो.

बाबांची त्या दिवशी सुट्टी होती. ते आंघोळीला गेले होते आणि खुंटीवर पँट लटकत होती, पट्ट्यासकट. डॉक्टरचा तो चार घड्यांचा कागद फाडून टाकावा म्हणून मी खिशात हात घातला, तर पट्टा सुटून खाली पडला. उलटा.

मूळची पाच भोकं होती. त्यांच्या पलीकडे, दाभणाने पाडलेली, वाकडीतिकडी, आणखी सात. आणि प्रत्येक भोकाखाली निळ्या बॉलपेनने तारीख. मला हाताने लिहिलेलं मराठी वाचायला वेळ लागतो. शाळेत मी तेलुगू आणि इंग्रजी शिकलो, मराठी अक्षरं आईने शिकवली तेवढीच. मी बोट ठेवून एकेक लावत गेलो. ९ जानेवारी. ३० जानेवारी. १८ फेब्रुवारी. मार्चमधली दोन. एप्रिलचं एक. शेवटचं १० मे. मी पाटावर चढलो होतो, त्याच रविवारचं. त्याच्यापुढे पट्टा कोरा होता आणि तिथे एकच शब्द होता: बस.

मी सहा आठवडे मोजत होतो. ते चार महिने.

बाबा टॉवेल गुंडाळून बाहेर आले. माझ्या हातात पट्टा पाहिला.

"बाबा, हे काय?"

"पट्टा."

"एवढी भोकं?"

"पट्ट्याला भोकं असतातच बे. नाहीतर लावणार कसा?"

"तारखा पण असतात?"

ते पलंगावर बसले. टॉवेल दोन वेळा फिरून आला होता. पूर्वी एकदाही पुरत नसे. "तुला काय वाटलं, मला कळंना गेलंय? पँट रोज माझी घसरायली, तुझी नाही."

"मग त्या दिवशी डॉक्टरपुढं गप का बसलात? आई तबियत-तबियत करत होती, तुम्हाला तर हिंदी येते."

"आली म्हणून काय झालं?"

"बाबा."

त्यांनी दाराकडे पाहिलं, आई कुठे आहे ते. आई गच्चीवर वाळवणं उलटत होती. मग ते अगदी हळू, पार्सलवरचा पत्ता वाचून दाखवावा तसं बोलले. "तुझा आजा असाच वाळला होता. सुगीत धडधाकट, अन् उन्हाळ्यात बरगड्या मोजून घ्या. तरी चालायचा. शेतात जायचा, भांडायचा. मी शिकलेला. मीच नेला दवाखान्यात. त्यांनी आजाराचं नाव सांगितलं. आठ दिवसांत गेला." त्यांनी टॉवेलची गाठ घट्ट केली. "नाव कळेपर्यंत चालत होता रे माणूस."

मी जगातलं सगळ्यांत मूर्ख वाक्य बोललो.

"नाव तर तुम्हाला पडलंय, बाबा. मी पाडलंय. चुकून."

"काय?"

"करडा सील."

मी फोन काढला आणि त्यांना ती सावली दाखवली. पंखा, पाट, लाल पट्टी, तपासनीस बाई, सगळं सांगितलं. फक्त शवाची ओळ गिळली. बाबा इतके हसले की खोकला आला. "म्हंजी मी झोपलो की तू वरून... अन् मी म्हणतो, हे पोरगं पंख्याच्या मागं का लागलंय!" मग त्यांनी फोन हातात घेतला, चष्मा शोधला आणि सावली जवळ धरली.

"हात कुठायत?"

"सीलला नसतात. छातीखाली होते."

"अन् हे खाली?"

"पाय. लुंगीत."

ते बघत राहिले. कूलरचा पंप गुरगुरत होता. हळूहळू त्यांच्या तोंडावरचं हसू विरघळलं. ते परक्याकडे, शेजारच्या बेंचवरच्या प्रवाशाकडे बघावं तसे त्या काळ्या आकाराकडे बघत होते.

"लई वाळलाय रे हा," ते म्हणाले.

मी कूलरचा पंप बंद केला.

"ह्याला कुणी हाय का नाही मागं? असं कसं ठेवलं ह्याला?" त्यांनी अंगठ्याने स्क्रीन पुसली, सावलीवर धूळ असल्यासारखी. "ह्याला दवाखान्यात नेला पाहिजे."

शनिवारी आम्ही त्यांना मोठ्या दवाखान्यात नेलं. आईने तोंड उघडताच मी म्हणालो, "आई, तबियत नको म्हणू. वजन म्हण." डॉक्टर बाई होत्या, तरुण, इथल्याच. मी सहा आकडे आणि सात भोकांच्या तारखा एका कागदावर लिहून नेल्या होत्या. त्यांनी तो कागद बराच वेळ पाहिला.

"ये कौन नापा?"

"मैं. ऑफिस में."

"क्या काम करते?"

"सील का."

"मोहर बनाते?"

"जी," मी म्हणालो. सगळं सांगत बसायला धीर नव्हता.

त्यांनी बाबांना आडवं केलं, पोट दाबलं, एका जागी हात थांबवला आणि तिथेच पुन्हा दाबलं. बाबा छताकडे बघत होते, जणू तिथे पाटावर कुणीतरी उभं आहे. मग फोटो झाले, नळी झाली, मशीन झालं. पोटात आतल्या बाजूला गाठ आहे. कसली ते आत्ताच सांगता येत नाही. तुकडा काढून तपासायला पाठवलाय. रिपोर्ट गुरुवारी सकाळी दहा वाजता.

"नाव नको सांगू देऊस त्यांना माझ्यापुढं," बाबा रिक्षात म्हणाले. "तू ऐक. मला नुसतं सांग, खायचं काय."

"हौ."

"अन् त्या बाईला लिही, हा मेला नाही अजून."

आज बुधवार आहे. बाबा घरी आहेत. आईने त्यांच्यासाठी साबुदाण्याची पेज केलीय आणि ती वाटी त्यांच्या हातात आहे. मी दुसरीकडे बघतोय, पण स्टीलचा डबा मुद्दामच समोर ठेवलाय. हिम्मतरावांनी आज शेंगदाण्याऐवजी खारीक पाठवलीय आणि मेन्टेनबद्दल काही विचारलेलं नाही. मला त्या न विचारण्याचीच जास्त भीती वाटली. बसून राहवत नाही म्हणून मी अर्ज लिहिलाय, मूळ इंग्रजीत. चिन्मय म्हणाला, पाठव, अठरावा.

प्रति,
मा. तपासनीस, सागरी सस्तन प्राणी (पोषण-स्थिती)

विषय: नोंद क्र. ४४१७ मधील महिना दुरुस्त करणेबाबत.

महोदया,

उपरोक्त नोंदीतील करडा सील, नर, प्रौढ, याची छायाचित्राची तारीख नजरचुकीने ऑक्टोबर अशी पडली आहे. प्रत्यक्षात सदर प्राण्याचे छायाचित्र दिनांक १० मे रोजी दुपारी अडीच वाजता, तो झोपेत असताना घेतले आहे. आपल्याच नियमानुसार मे व जून हे केस बदलण्याचे महिने असून त्या काळात प्राणी खात नाही व वाळतो, आणि असे वाळणे आजारात धरले जात नाही. सदर प्राण्याचे केस करडे असून ते बदलत असल्याचे मी स्वतः पाहिले आहे.

तरी विनंती की नोंदीतील महिना दुरुस्त करून, 'स्थिती: वाईट' हा शेरा काढून टाकावा, शव सापडल्यास कळवण्याबाबतची सूचना मागे घ्यावी, आणि सदर प्राणी आजारी नसून जूनअखेर पुन्हा खाऊ लागेल, असे लेखी मान्य करावे. हे आदेश उद्या, गुरुवारी, भारतीय वेळेनुसार सकाळी दहाच्या आत निघावेत.